तगरीच्या पाकळीवरची रेघ

प्रिय काका,

मी जास्वंदीचा रंग उलटा केलेला फोटो तुमच्या स्टुडिओत घेऊन आले, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. लाल फूल निळसर-हिरवं झालं होतं, बाकी सगळं एक्स-रेसारखं. तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात, "सगळंच उलटं केलंस. मग उलटं वाटणार कशामुळे?"

पुढच्या रविवारी माझ्यासाठी तुम्ही मागची डार्करूम उघडलीत. जपून ठेवलेलं ब्रोमाइड पेपरचं, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचं, शेवटचं पाकीट फोडलंत. लाल दिव्यात तगरीचं फूल डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, जेमतेम अर्धं उमटलं होतं, तेवढ्यात तुम्ही पांढरा दिवा क्षणभर लावून बंद केलात. माझ्या काळजात धस्स झालं. ट्रेमधल्या पांढऱ्या पाकळ्या हळूहळू करड्या होत गेल्या, मागची काळी पानं मात्र काळीच राहिली. आणि पाकळी जिथे पानाला टेकते, तिथे केसाएवढी उजळ रेघ उमटली! काळ्या भागातून सुटलेलं ब्रोमाइड कडेपाशी साचतं आणि तिथलं डेव्हलपिंग रोखतं, हे तुम्ही कागद हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, टाकता टाकता सांगितलंत. १९२९च्या सुमारास पॅरिसमध्ये ली मिलर आणि मॅन रे या छायाचित्रकारांच्या डार्करूममध्ये असाच चुकून दिवा लागला होता, आणि मॅन रे यांनी पुढे कॅला लिलीची फुलं याच पद्धतीनं केली, हेही तेव्हाच कळलं.

त्या दिवशी नऊ कागद वाया गेले. तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत. दहावा माझ्या टेबलासमोर लावलाय.

आता मी कॉम्प्युटरवर काम करते. जास्वंद लाइटबॉक्सवर ठेवून मागून उजेड देते, फोटो लॅब मोडमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळे ठेवणाऱ्या मोडमध्ये, नेते आणि फक्त लाइटनेसचा, म्हणजे उजेड-अंधाराचा, चॅनल उलटा करते. रंगाचे दोन चॅनल जसेच्या तसे. पांढरी पार्श्वभूमी काळी होते, लाल लालच राहतो आणि पाकळीतल्या गडद शिरा आतून पेटल्यासारख्या उजळतात. काय उलटायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक फोटोपाशी थांबून ठरवते. ही सवय तुमची आहे, काका. त्याबद्दल मनापासून आभार. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

दिवाळीत येते. प्रिंट मोठे काढलेत, चष्म्याशिवाय दिसतील असे.

तुमची,
मागच्या गल्लीतली मुलगी