उतार मंचापर्यंत हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कविसंमेलनांच्या निमंत्रणपत्रिकांवर हल्ली ‘सर्वांना मुक्त प्रवेश’ ही ओळ हमखास असते. सभागृहाच्या दाराशी व्हीलचेअरसाठी उतारही केलेला असतो. तो प्रेक्षकांच्या रांगांपाशी संपतो. मंचावर चढायला पायऱ्याच. व्हीलचेअरवरचा माणूस कविता ऐकायला येईल, वाचायला नाही, हे गृहीतच धरलेले. मग आयत्या वेळी चौघे जण खुर्ची उचलायला धावतात, नाहीतर कोणी फळी टाकतो. उताराचे गणित साधे आहे, 1:12. दोन फूट उंच मंचाला 24 फूट लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा नसेल तर सगळ्याच कवींनी खाली उभे राहून वाचावे. कवितेचे काही बिघडणार नाही. बिघडलाच तर अध्यक्षांचा रुबाब.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2006 च्या कराराचे 30 वे कलम आयोजकांनी एकदा वाचावे. कार्यक्रमांचा आस्वाद घेता यावा, एवढ्यावर ते थांबत नाही. अपंग व्यक्तींच्या सर्जनशक्तीला वाव मिळावा, आणि तोही केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे तर समाज समृद्ध व्हावा म्हणून, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात ‘दिव्यांग कवींचे विशेष सत्र’ दुपारच्या पेंगुळल्या वेळेत उरकले जाते आणि मुख्य सत्रातली नावे वर्षानुवर्षे तीच. सहभागशुल्क आणि प्रवासखर्च न परवडणारे कवी तर या यादीच्या आसपासही फिरकत नाहीत.

सांकेतिक भाषेचा दुभाषा नेमला म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही. कविता त्याच्या हाती चार-पाच दिवस आधी पडायला हवी. प्रतिमा हातांत उतरवायला वेळ लागतो. त्यात आपल्याला वातावरणनिर्मितीसाठी दिवे मंद करण्याची दांडगी हौस! अंधारात त्याचे हात दिसणार कसे? शिवाय सांकेतिक भाषेतच रचना करणारे कर्णबधिर कवी आहेत. हाताचा एकच आकार पुन्हा पुन्हा आणून ते यमक साधतात. त्यांना बोलावले, तर दुभाषा आपल्यासारख्या ऐकू येणाऱ्यांसाठी लागेल.

छापील आणि डिजिटल अंकांचीही तीच गत. सजवलेल्या चौकटीत चित्र म्हणून टाकलेली कविता अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही; सोबत मजकूर नसेल तर ‘चित्र’ एवढेच कानी पडते. जुन्या, युनिकोड (अक्षरांची सर्वमान्य संगणकीय पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली कविता तर निरर्थक इंग्रजी अक्षरे होऊन ऐकू येते. चित्राखाली तीच कविता युनिकोडमध्ये टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

कवींना पाठवायच्या पत्रात ‘आपल्याला कोणती सोय लागेल?’ हा प्रश्न आणि उत्तर द्यायला एक फोन नंबर छापावा. पत्र निमंत्रितांची यादी पक्की होण्याआधी जावे. सोय जमत नाही म्हणून नाव गाळले, असे त्यानंतर तरी होऊ नये.

आपली,
एक वाचक