झेंडा घरात आला कधी, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुणांच्या देशप्रेमावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. खरे देशप्रेम आमच्या पिढीबरोबर संपले, पुढचे सगळे मोबाइलवरचे, असा एकूण सूर. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्यात दोनदा आला आहे. तो 1930 चा. लेखकमहाशयांची पिढी तेव्हा जन्मायची होती. ते पुण्य परस्पर आपल्या खात्यावर जमा करू नये, ही विनंती.

26 जानेवारी 2002 ला नवी ध्वजसंहिता लागू झाली. त्याआधी राष्ट्रीय सणांचे ठरावीक दिवस सोडले, तर सामान्य माणसाला घरावर तिरंगा लावायची मुभाच नव्हती. त्यामुळे जुन्यांचा झेंडा शाळेचा नाहीतर कचेरीचा. गुरुजी बांधणार, आपण रांगेत उभे राहायचे. डिसेंबर 2021 मध्ये पॉलिस्टरचा आणि यंत्रावर केलेला झेंडा चालू झाला, जुलै 2022 मध्ये घरावर रात्रीही फडकवायला परवानगी मिळाली. पोरांच्या हातात तो थेट आला. बांधायचा कसा, हे दाखवायला मात्र कुणी आले नाही.

त्यात आपल्याकडे पंधरा ऑगस्ट भर पावसात. सुती दोरी भिजून फुगते, सुरगाठीची निरगाठ होते, आतल्या फुलांचा लगदा होतो, मग खालून हिसके सुरू. दोरी नायलॉनची घ्यावी. खाऱ्या हवेने कप्पी गंजते, तिला आदल्या दिवशी ग्रीस लावावे. केशरी पट्टा वर आहे ना, हे गाठ मारण्याआधी बघावे. खादी पाणी पिऊन जड होते आणि काठीला गुंडाळते. पॉलिस्टर लवकर सुकते, पण वाऱ्याने मोकळी कड उसवते, आणि उसवलेला झेंडा लावायचा नसतो. ओलाच कपाटात कोंबला तर बुरशीचे काळे ठिपके ठरलेले. आधी घरात दोरीवर सुकवावा, मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडून, दोन्ही टोके मध्याकडे घेऊन, चक्र वर दिसेल अशी घडी घालावी. भाषणाला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कितींना ही घडी येते, विचारून बघा.

जाता जाता एक. स्वातंत्र्यदिनी आपण पानभर तिरंगा छापता. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच पानात बांगडे बांधून मिळतात. तिरंग्यात वस्तू गुंडाळायला ध्वजसंहितेत मनाई आहे. यंदा त्या जागी भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात.

आपला,
एक वाचक, वेंगुर्ले