आई येणार असेल तर आधी तारखा मांड

केरी, नॉर्थ कॅरोलिना
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू डेकेअरचा आकडा सांगितलास, महिन्याला १,७०० डॉलर, आणि आपण दोघेही गप्प झालो. चिऊ जेमतेम चार महिन्यांची, जानेवारीत वहिनींची रजा संपणार आणि वर हा खर्च. फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

तुमच्याकडे ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचे कंपनीचे फायदे निवडायचा काळ, सुरू आहे म्हणालास. त्या पानावर 'डिपेंडंट केअर एफएसए' अशी ओळ असेल, मूल सांभाळण्याच्या खर्चासाठीचं खातं. ती सोडू नकोस. पगारातून टॅक्स कापायच्या आधीच ठरलेली रक्कम बाजूला काढतात आणि मूल सांभाळण्याच्या खर्चाच्या पावत्या दिल्या की ती तुला परत मिळते. मूल १३ वर्षांखालचं हवं आणि तुम्ही दोघेही कमावते हवेत. १९८६ पासून याची मर्यादा घरटी ५,००० डॉलरच होती, २०२१ चं एक वर्ष तेवढं वेगळं. आता २०२६ पासून ती ७,५०० झाली आहे. तुमच्या कंपनीने नवा आकडा घेतलाय का, ते मात्र विचारून घे. आणि घरटी म्हणजे तुम्हा दोघांची मिळून, हे वहिनींनाही सांग.

तुझा २२ टक्क्यांचा टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के धरले, तर ७,५०० वर सुमारे २,२०० डॉलर वाचतात. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे हिशोब एवढाच. तुझा टॅक्स भरून देणारा सीपीए चाइल्ड केअर क्रेडिटचं, म्हणजे याच खर्चावर टॅक्समधून मिळणाऱ्या सवलतीचं, नाव घेईल. पण एका मुलासाठी ते ३,००० डॉलरांच्या खर्चावरच मिळतं. सर्वांत वरचा ५० टक्क्यांचा दर लागला तरी १,५०० च होतात, आणि तुम्हा दोघांच्या पगारावर तो दर लागणारही नाही. तेव्हा खातंच घे.

आता आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगतो. २०२३ साली मी डोळे मिटून ५,००० लिहिले. ओम पहिलीत होता, शाळेनंतरच्या आफ्टरकेअरला महिना ३५० पडायचे आणि उन्हाळ्यात डे कॅम्प. एप्रिलमध्ये आई आली ती सप्टेंबर अखेरपर्यंत राहिली. नातू परक्या लोकांत कशाला, मी आहे ना, म्हणाली. आफ्टरकेअर बंद केलं, कॅम्पही रद्द. रोज तीन वाजता ती दारात उभी असायची. बसमधून उतरला की ओमचे हातपाय धुवायची आणि ताटलीत गरम वरणभात, वर तुपाची धार. त्याचं मराठी त्या सहा महिन्यांत जे सुधारलं ते आजही टिकून आहे.

इकडे पगारातून दर पंधरा दिवसांनी पैसे कापले जातच होते. आई नसतानाच्या सहा महिन्यांचे आफ्टरकेअरचे २,१०० सोडले तर बाकी खर्चच झाला नाही. आमच्या कंपनीत ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख. उरलेले २,९०० गेले. टॅक्समध्ये वाचले जेमतेम दीड हजार. त्या रात्री स्क्रीनवरचा तो आकडा बघत किती तरी वेळ बसून होतो. आईला आजही सांगितलेलं नाही. 'म्हणजे मी आले म्हणून?' एवढंच ती म्हणाली असती आणि पुन्हा आली नसती.

सगळ्यात लागलं ते नंतर कळलेलं. सांभाळणारं माणूस बदललं किंवा खर्च कमी झाला, तर वर्षाच्या मध्येही ही रक्कम कमी करता येते. आमच्याकडे त्यासाठी ३० दिवसांची मुदत होती. एक फॉर्म भरायचा होता, संज्या.

तुझ्या आई, म्हणजे काकू, मे महिन्यात येताहेत ना? मग आत्ताच कॅलेंडर घेऊन बस. जानेवारी ते एप्रिल चार महिन्यांचे ६,८०० होतात आणि नोव्हेंबरपासून चिऊ परत डेकेअरला. म्हणजे तुझे ७,५०० नक्की वापरले जातील, बेधडक लिही. काकूंची तिकिटं पुढेमागे झाली तर त्याच आठवड्यात एचआरला कळव. काकूंनाच या खात्यातून काही देता येईल का, हे मनात आलं असेल तर काढून टाक. व्हिजिटर व्हिसावर कामाचा मोबदला घेता येत नाही, आणि त्यांना ते आवडणारही नाही.

पैसे जमतील तसेच मिळतात, हेही ध्यानात ठेव. महिन्यातून दोनदा पगार धरला तर दर खेपेला ३१२.५० जमा होणार. जानेवारीचे १,७०० तू आधी खिशातून भरशील आणि महिनाअखेर ६२५ च परत येतील. सुरुवातीला ओढाताण होईल. अडलास तर संकोच न करता मला फोन कर.

घरी मुलं सांभाळणाऱ्या त्या मावशींचा विचार करत असशील तर त्या टॅक्स नंबर देतील का, ते आधी विचार. टॅक्स रिटर्नसोबतच्या फॉर्म २४४१ वर तो लागतो. आणि वहिनींचा एच-४ चा, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरचा, वर्क परमिट कधी संपतोय ते बघ. नूतनीकरण लांबून काम थांबलं, तर त्या दिवसांचं डेकेअरचं बिल इथे चालत नाही.

फॉर्म भरायच्या आधी शनिवारी सकाळी फोन कर, दोघे मिळून स्क्रीन बघू. वहिनींना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझा,
नंदू