चेहरा जुळला म्हणून सीझर?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत आर्लच्या संगमरवरी मस्तकाचे छायाचित्र ‘ज्युलियस सीझरचा खरा चेहरा’ अशा ओळीसह छापले आहे. फ्रान्समधील आर्ल येथे ऱ्होन नदीच्या तळातून २००७ मध्ये ते वर आले, इथवर ठीक. पुढचे सगळे वादाचे आहे.

शिल्पावर नाव नाही. ताडून पाहायला हक्काचा पुरावा म्हणजे सीझरच्या हयातीत, इ.स.पू. ४४ मध्ये पाडलेली नाणी: लांब, वळ्या पडलेली मान, वर आलेला कंठमणी, बसलेले गाल. इटलीत रोमजवळच्या टस्कुलमला १८२५ मध्ये सापडलेले, आज तिथल्याच तुरिन शहरात असलेले मस्तक बाजूने पाहिल्यास या नाण्यांशी चांगले जुळते. आर्लच्या मस्तकाची मानही सुरकुतलेली आहे, पण तेवढ्याने भागत नाही. सत्ताधाऱ्याच्या चेहऱ्याची ढब उचलून स्वतःची शिल्पे घडवून घेणारे बडे नागरिक त्या काळी कमी नव्हते.

सीझरनंतरच्या रोमन सम्राटांच्या बाबतीत ओळख पटवण्याचे काम सोपे होते, कारण मूळ नमुन्यावरून साम्राज्यभर प्रती निघत. कारागीर गाल-हनुवटीत सैल सुटत, कपाळावरच्या बटा मात्र इमानाने उतरवत. म्हणून बटा मोजायच्या. रोमजवळच्या प्रिमा पोर्ता येथे सापडलेल्या पुतळ्यावरून ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात पहिला सम्राट ऑगस्टस याच्या कपाळाच्या मध्यावर बटा दुभंगतात आणि बाजूला चिमट्यासारख्या एकमेकींकडे वळतात. नाकावर भिस्त नको; ते आधी तुटते आणि पुष्कळदा सतराव्या-अठराव्या शतकात नवे बसवलेले असते. धड दुसऱ्याच पुतळ्याचे नाही ना, हे मानेवरच्या सांध्यावरून पाहावे. संगमरवरात कोरलेली डोळ्याची बाहुली साधारण इ.स. १३० नंतर रूढ झाली. त्याआधी ती रंगवत.

सर्वांत फसवी असतात पुन्हा कोरलेली मस्तके. नीरो, डोमिशियन बदनाम झाल्यावर त्यांच्या शिल्पांतून पुढचे सम्राट घडवले गेले. चेहरा तासल्याने लहान होतो, कान मात्र आधीच्याच मापाचे राहतात आणि डोक्यामागचे केसही जुन्या धन्याचेच. यासाठी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून अशी चार छायाचित्रे हवीत, कॅमेरा शिल्पाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून. खालून टिपले की हनुवटी फुगते आणि कपाळ आखडते.

आपण छापलेले एकमेव छायाचित्र नेमके खालूनच घेतलेले आहे. निदान संकेतस्थळावरच्या आवृत्तीत नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे आणि बाजूने घेतलेले चित्र नाण्याशेजारी छापावे, ही विनंती.

— प्राचीन शिल्पकलेचे काही अभ्यासक, पुणे