पांढऱ्या कापडावरचे टाके

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परतवाड्याच्या गाडीने पाठवलेलं गाठोडं धारणीला नीट पोहोचलं. बारा दुपटी, नऊ टोपरी, चिंध्यांच्या चार बाहुल्या, सगळं मोजून घेतलं. बाहुल्यांच्या डोळ्यांच्या गुंड्या तेवढ्या मी काढल्या, पोरं तोंडात घालतात म्हणून. त्या जागी काळ्या दोऱ्याने डोळे शिवले.

सहा दुपटी त्याच दिवशी वॉर्डात वाटली. मेळघाटात आता पहाटे हात बधिर होतात, आणि डोंगरातल्या गावातून बाळंतीण येते ती पुष्कळदा नेसत्या लुगड्यावर. त्यातलं एक बाळ 1800 ग्रॅमचं. 2500 च्या आतलं बाळ आम्ही कमी वजनाचं धरतो. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधतात. तिच्या अंगाची ऊब लागते, डोक्याला टोपरं, पाठीवर पांघरूण, तोंड मोकळं. जाड ब्लँकेट घसरतं. तुझं निळ्या काठाचं दुपटं मात्र पाठीला धरून बसलं. आजीच्या लुगड्याचं कापड ते, किती वर्षांच्या धुण्याने मऊ झालेलं. बाळाची आजी कोरकू बाई, काठावरून किती वेळ बोट फिरवत होती. कोणी शिवलं, म्हणून तिने हिंदीत विचारलं. माझ्या आईने, असं सांगताना माझा गळा भरून आला.

आता खरं ते लिहिते. आई, घाबरू नको, सगळं ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाळ रडायचं थांबेना. दूध घेईना, कडेवरही राहीना. दुपटं सोडलं तर पायाची करंगळी एका लांब टाक्यात अडकलेली, दोरा आवळून ती लालभडक झालेली. कात्रीने टाका कापला. थोड्या वेळात रंग परत आला आणि बाळ पिऊ लागलं.

त्या रात्री ड्युटी संपल्यावर वाटलेलीही मागून घेऊन मी बाराही दुपटी बल्बखाली उलटून पाहिली. निळ्या, हिरव्या, जांभळ्या तुकड्यांवर तुझा धावदोरा नेहमीचाच, ज्वारीच्या दाण्याएवढा, सरळ रेघेत. पण जिथे बाबांचं जुनं धोतर लावलंस, तिथे टाके बोटभर लांब. रेघ वाकडी गेलेली. दोन ठिकाणी तर सुई खालच्या थरापर्यंत पोहोचलीच नाही. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा तुला दिसलाच नाही ना गं? मोतीबिंदू वाढत गेला की असंच होतं. काळ्यावरचं पांढरं दिसतं, पांढऱ्यावरचं पांढरं दिसेनासं होतं. दिवाळीत सुईत दोरा ओवायला मला सांगितलंस, तेव्हा मला वाटलं, लेक आली म्हणून लाडाने सांगतेस. नर्स असून मी पाहिलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि बाबा, तुम्हाला माहीत होतं. आई गाठ मारते ती इवलीशी, कापडाच्या आत लपवते. या दुपट्यांत निम्म्या गाठी कापसाच्या पोत्याला मारतात तशा, दुहेरी, ठसठशीत. दोरा ओवून, गाठ मारून तुम्हीच देत होता. तिच्याजवळ बसून तुम्ही ते केलंत, म्हणून तुमच्यावर रागावता येत नाही. पण मला फोन करायला हवा होता.

मला ठाऊक आहे, आई म्हणेल, "मले दिसते नं अजून. वेचणी होऊन जाऊ दे." वेचणीला बाया लावा, मजुरीचे पैसे मी देते. 20 डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला पंचवीस दुपटी द्यायचा तुझा नेम आहे, तोही मला माहीत आहे. गाडगेबाबांनी जन्मभर चिंध्यांची गोधडी अंगावर वागवली, लोकांसाठी झाडू मारला. उरलेली दुपटी संक्रांतीला दिली तर त्यांना चालेल.

ऑपरेशनला वेळ फार लागत नाही. डोळा बधिर करतात, गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवतात. आता बहुतेकांना टाकाही घालावा लागत नाही. पुढे काही आठवडे चुलीचा धूर नको, वाकून झाडणं नको, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. तेवढे दिवस मी रजा टाकून तुझ्याजवळ राहते. भाकरी मी करीन, बाबा भाजी चिरतील.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. आधार कार्ड आणि शुगरचे कागद काढून ठेवा. तोवर सुई हातात घेऊ नको.

सहा दुपट्यांत पांढरे तुकडे होते. ती घेतलेल्या बायांना मी चांगली दुपटी बदलून दिली. सहाही उसवून, धुऊन, घडी करून सोबत आणते. डोळा बरा झाला की तूच शिव.

तुमची लाडकी,
ताई