नर्सबाईंच्या क्वार्टरवर आधी पत्रा घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गावातल्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप दिसलं की पहिला बोल लागतो नर्सबाईंना. ‘मुख्यालयी राहत नाहीत’, म्हणजे नेमणुकीच्या गावी राहत नाहीत म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या एका डोंगरी उपकेंद्रात मी आरोग्यसेविका म्हणून अठरा वर्षं काढली, तीही मुख्यालयीच राहून. म्हणून हे लिहिते आहे.

माझं क्वार्टर म्हणजे उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्या. भातकापणीच्या दिवसांत एका रात्री दारावर थापा पडल्या. विंचू चावलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराला बापाने खांद्यावर टाकून आणलं होतं. पोर घामाने निथळत होतं, हातपाय गार. लाल विंचवाची ही लक्षणं आमच्याकडे ओळखीची आहेत. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच दंशाचा अभ्यास सुरू केला आणि पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळीने माणसं वाचू लागली. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तशी गोळी दिली आणि जीप करून पोराला पुढे पाठवलं. वाचलं ते. त्या रात्री मी तालुक्याला खोलीवर असते तर तो बाप कुलपापुढे उभा राहिला असता.

पण त्याच खोल्यांचा स्लॅब पावसाळ्यात गळायचा. गरोदर बायांच्या नोंदींची रजिस्टरं मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. दर उन्हाळ्यात दुरुस्तीचा अर्ज केला, निवृत्तीपर्यंत वर ताडपत्रीच राहिली. माझ्या जागी आलेल्या मुलीचं मूल दोन वर्षांचं. तिने एक पावसाळा काढला आणि तालुक्याला खोली घेतली. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आता तिथे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, बीपी-शुगर गावातच तपासतात. हे फार चांगलं झालं. पण रंग दर्शनी भिंतीला लागला, मागच्या खोल्यांत अजून नळ नाही. दिवस मावळला की दवाखाना बंद.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाले. पण त्या मोफत केसपेपरपर्यंत पोचायला जीपचं भाडं पडतं, वर एक रोज बुडतो. शुगरच्या गोळ्या संपल्या तरी म्हातारी माणसं बाजाराच्या दिवसापर्यंत तशीच राहतात. डोंगराळ भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष कागदावर ठीक दिसतो. डोंगरात तेवढी माणसं दहा-बारा वाड्यांत विखुरलेली असतात आणि निम्म्या वाड्यांना पायवाटच.

मुख्यालयी राहण्याची सक्ती जरूर करावी, पण त्याआधी जिल्हा परिषदेने प्रत्येक उपकेंद्राच्या मागच्या खोल्या बघाव्यात. छप्पर, पाणी, संडास, रात्रीचा दिवा. किरकोळ दुरुस्तीचे पैसे उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीच्या, म्हणजे गावपातळीवरच्या समितीच्या, हातात वेळेवर द्यावेत, म्हणजे एका नळासाठी तालुक्याला खेटे घालावे लागणार नाहीत. आणि जिथे एकच सेविका आहे तिथे दुसरी द्यावी. तिलाही आजारपण आहे, माहेर आहे.

पावसाला अजून महिना आहे. पत्रा घालायला आणि नळ जोडायला तेवढा पुरतो.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, रायगड जिल्हा