पेशी नव्हत्याच, पण मेल्या!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हळदीतल्या कर्क्युमिनने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ अशा आशयाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत वाचली. दर दोन-चार महिन्यांनी ती कुठे ना कुठे येतेच. मी मूळचा सांगलीचा, हळदीविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. पण उमेदीची वर्षं औषध-संशोधनाच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून लिहितो.

अशा चाचण्या ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये होतात आणि निकाल बहुधा प्रकाशावरून वाचतात. एका प्रकारात मेलेल्या पेशीत शिरून हिरवा चमकणारा रंग घालतात. चमक जास्त, म्हणजे पेशी जास्त मेल्या. आता कर्क्युमिन स्वतःच पिवळंजर्द, निळ्या प्रकाशात हिरवट चमकणारं. आम्ही एकदा कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, खळगे सोडून बाकीच्यांत पेशी न घालता, पेशी वाढवायच्या नुसत्या सीरमयुक्त द्रवात कर्क्युमिन टाकून प्लेट यंत्रात सरकवली. यंत्राने झोकात आकडे दिले. पेशीच नाहीत, आणि मेल्या मात्र! त्या दिवशी चहा जरा लांबला.

बरं, त्या प्लेटचा झेड-प्राइम ०.७ होता. चाचणी भरवशाची आहे का, हे पाहायचं हे माप १९९९ पासून वापरात आहे, ०.५ च्या वर म्हणजे उत्तम. पण ते काढतात कंट्रोलच्या खळग्यांवरून. ज्या रसायनाची परीक्षा चालली आहे त्याच्या खोडीबद्दल ते अवाक्षर काढत नाही. हे बातमीदाराला कोण सांगणार? पीएचडीच्या पोरांनाही कित्येकदा सांगितलेलं नसतं.

२०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त कर्क्युमिनचा सविस्तर आढावा आला होता. रुग्णांवरच्या १२० हून अधिक चाचण्या होऊनही प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) तुलना केलेल्या एकाही डबल-ब्लाइंड (कोणाला काय दिलं हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत ते यशस्वी ठरलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. यावर कोणीतरी हळदीच्या पेटंटची आठवण काढतंच. ते अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने लढून रद्द करवलं, अभिमान मलाही आहे. पण ते रद्द झालं ‘यात नवं काही नाही’ म्हणून. कर्करोगाचा तिथे प्रश्नच नव्हता.

पुढच्या वेळी अशी बातमी छापण्याआधी संशोधकांना एवढं विचाराल का? पेशी नसलेल्या खळग्यात आकडा किती आला होता, आणि प्रकाशाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या पद्धतीने तेच निघालं का?

कळावे,
एक निवृत्त संशोधक, पुणे